बूच

चाळीस डॉलर, आयनो म्हणाला, आणि न्यायचं आपलं आपण.
डुलूथमध्ये कुणी असं म्हणालं की समजावं:
जिना आहे, वळणाचा,
आणि बाहेर उतार.

मार्लिसचं घर टेकडीच्या पार वर.
तिच्या खिडकीतून सरोवर दिसतं, म्हणजे
धुकं नसेल तेव्हा.
भिंतीवर निळ्या टेपनं आखून ठेवलेली उद्याची कपाटं,
आणि सिंक अजून जागेवरच.
बिडाचं. वरून पांढरं एनॅमल,
दोन्ही अंगांना भांडी निथळायला पन्हळीदार उतरण,
एवढं रुंद की त्यात
दोन लेकरांना एकदम आंघोळ घालावी.

‘एकतीस वर्षं राग राग केला मी याचा,’ ती म्हणाली.
‘हातातून ग्लास निसटला की गेलाच.
एक म्हणून वाचला नाही.’

उजव्या काठाचा टवका उडालेला, नाण्याएवढा.
मी विचारलं नव्हतं, तिनंच सांगितलं:
सासरा बर्फ फोडायची पहार धुवायला बसला होता,
माझ्या लग्नाच्याही आधी.
पहार कुणी दिली हातात, यावर
या घरात अजून दोन तट आहेत.

उचलायला आयनो, शेजारचा लीफ, लीफचा भाचा.
मी दारं धरायला.
उलटं केलं तेव्हा तळाशी ओतीव आकडे, १९३१,
आणि शेजारी खडूनं कुणीतरी मांडलेली बेरीज:
सतरा अधिक अठ्ठावीस, खाली पस्तीस.
हातचा विसरलेला.
नव्वद वर्षं कुणी तपासली नव्हती.

घरी आणलं तर पाच इंच जास्त.

आता पाच इंच म्हणजे काय, असं वाटतं माणसाला.
पाच इंचांसाठी भिंत मागे गेली,
भिंतीमागचं कपाट गेलं, झाडू आणि बर्फाची फावडी
तेव्हापासून दिवाणखान्यात पाहुण्यांसारखी उभी.
मग लीफ खाली तळघरात जाऊन आला
आणि म्हणाला, तुळई पेलणार नाही.
नाकापेक्षा मोती जड, तर आम्ही नाक बदललं:
नवी तुळई, दोन खांब.
नळाची भोकं आजच्या कुठल्याच नळाला जुळेनात,
म्हणून पूल ओलांडून हॉल्गरच्या भंगारवाड्यात,
जिथं नळ बादल्यांत भरून ठेवलेत
आणि बादल्यांवर लिहिलंय: गळतात. बहुधा गळतात.
आम्ही दुसऱ्या बादलीतला घेतला.
गळतो.

एकूण बेरीज आयनोनं केली,
हातचे मुद्दाम विसरून.

सगळं बसलं, पाणी आलं, आणि कळलं
बूच नाही.
त्या मापाचं आता कुणी बनवत नाही.
बशी ठेवून पाहिली, बटाटा ठेवून पाहिला.
शेवटी लीफच्या भाच्यानं खिशातून
हॉकीची चकती काढली, काळी, कडेला झिजलेली,
आणि ठेवली.
पाणी थांबलं.
त्यानं आमच्याकडे असं पाहिलं, जणू
इतके दिवस आम्हीच काय ते अडाणी.

डिसेंबरात मार्लिसचा फोन.
नवीन ओटा कसा आहे, मी विचारलं.
छान, म्हणाली. मग जरा थांबून:
ग्लास टिकतायत.

(आमचे तोवर चार गेले होते.
सांगितलं नाही.)

जुन्या सिंकचं बूच सापडलंय, ती म्हणाली,
साखळीसकट, सुयादोऱ्यांच्या डब्यात.
तिथं कसं गेलं कोण जाणे.
पाठवू का?

मी सिंककडे पाहिलं. साबणाच्या पाण्यात चकती,
वर नळ, थेंब थेंब, सवयीनं.

नको, म्हटलं. आमचं भागतंय.

बरं, ती म्हणाली,
पण फोन लगेच ठेवला नाही.
पलीकडून ऐकू आलं,
डब्यात परत सोडताना साखळी,
एकेक कडी.