उताराला दुसरा गिअर

गाडीचं वजन एक ग्रॅमनंही वाढलेलं नाही,
कंपनीच्या पुस्तकात मी मुद्दाम बघितलं.
तरी दर हिवाळ्यात ती थोडी जड होत गेली.

खुबा नवा बसवल्यापासून
चढायला दुधाचा क्रेट लागतो.
क्रेट अंगणात राहतो, गाडी निघून जाते,
त्यामुळे वाटेत उतरायचं ते विचार करून.
देखावे मी हल्ली बसल्या बसल्या बघते.
थांबते फक्त लघवीला,
आणि मग एखादा दगड, कठडा, दयाळू माणूस
असं काहीतरी शोधत फिरते.

मुलगी म्हणाली, आई, हा म्हातारचळ आहे.
म्हटलं, चळ तरुणपणचाच आहे गं, म्हातारी फक्त मी.

एके काळी जेराल्डीनहून आम्ही सात जण निघायचो.
रेक्स पुढे, कारण त्याला रस्ते पाठ.
वॅल शेवटी, कारण तिला कसलीच घाई नव्हती.
आता रेक्सला त्याची खोली सापडत नाही,
पण बर्क्स घाटातलं तिसरं वळण कुठलं, विचारा,
खुर्चीतल्या खुर्चीत त्याचा खांदा डावीकडे झुकतो.
वॅलचं हेल्मेट माझ्या गॅरेजात आहे.
आत तिच्या हेअरस्प्रेचा वास यायचा, दोन वर्षं.
मग नुसता हेल्मेटचा यायला लागला.

मार्चमध्ये डॅन्सीज घाटाच्या खडीत गाडी आडवी झाली.
वेग काहीच नव्हता, उभीच होते.
पाय टेकला, पण टेकल्याचं पायाला कळलं नाही.
एक मेंढपाळ पोरगा आला, मागे दोन कुत्री.
त्यानं एका हिसक्यात गाडी उभी केली, मग मला.
या क्रमानं केली म्हणून त्याला मनापासून दुवा दिला.
रात्री मोटेलच्या पलंगावर बसून जाहिरात लिहिली:
त्र्याऐंशीची बीएमडब्ल्यू. मालकीण एकच. दोघीही एकदा पडलेल्या.
शेवटचं वाक्य सकाळी खोडलं.

गिऱ्हाईक क्रॉमवेलचं निघालं.
म्हटलं, न्यायला येऊ नकोस, मीच आणून देते.
डिसेंबर सरत आलेला, ओढ्याकाठचे लुपिनही.
मेंढ्या नुकत्या कातरलेल्या,
लाजल्यासारख्या एकमेकींच्या आडोशाला.
पुकाकीच्या सपाटीवर वायव्येचा वारा आडवा आला,
उधारी मागायला यावा तसा, नेहमीच्या जागी.
त्याच्यावर रेलून पाऊण तास तिरकीच गेले.

लिंडिसच्या माथ्यावर थांबले नाही.
उतारवय म्हणतात लोक.
म्हणोत. उताराचा नियम मात्र सोपा आहे:
ब्रेकच्या भरवशावर राहायचं नाही,
दुसरा गिअर टाकायचा, इंजिनालाच धरून ठेवू द्यायचं.
आणि नजर वळणाच्या पलीकडे.
जिथं बघाल तिथं गाडी जाते.
दरीत बघायचं नाही.

मेरेआना पॅकिंग शेडमधून तशीच धावत आली,
बोटं चेरीनं माखलेली,
नव्या हेल्मेटला किमतीची चिठ्ठी लटकत होती.
काय विचारावं ते तिला सुचेना, मग मीच सुटले:
सकाळी पहिला गिअर रुसतो.
पेट्रोलचा काटा खोटं बोलतो, त्याला मान देऊन हसायचं.
डावा आरसा शंभरच्या पुढे थरथरतो,
मागचं काही दिसत नाही त्यात.
त्रास करून घेऊ नकोस.
तिनं पाय उचलला आणि बसली.
एवढंच. इतकी छोटी गोष्ट असते ती.

परतीची बस सव्वातीनला.
मांडीवर हेल्मेट, हेल्मेटमध्ये तिनं बळंच दिलेल्या चेरी.
घाट लागला.
बसमधली माणसं वळणावर बाहेर फेकली जातात,
हे मला या वयात नव्यानं कळलं.
सगळी एकाच बाजूला, पोत्यांसारखी.
मी तेवढी उलटी, वळणाच्या आत.
पलीकडचा मुलगा बराच वेळ बघत होता.
आजी, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?

चेरी घे, म्हटलं. पुढचं डावं आहे.