उंचीचा रकाना

तार्तूच्या तळघरात त्रीनूनं खण ओढला,
म्हणाली, आजोबा, नाव सांगा.
म्हटलं, नाव राहू दे. सहाशे अकरा बघ.

मुहू बेटावरची शाळा. अठ्ठेचाळीसचा ऑक्टोबर.
खिडकीवर मिठाची पुटं, चुलीत बर्चचं ओलं लाकूड,
आणि आम्ही उघड्या अंगानं रांगेत, कोकरांसारखे.
हेल्वी वाहत्रिकबाईंच्या हातात पोलादी चिमटा.
आदू कुजबुजला, यानं दात उपटतात.
बाईंनी तो आधी स्वतःच्या काखेत धरला,
बराच वेळ.
मग माझ्या कानशिलांना लागला तेव्हा
नुकत्याच घातलेल्या अंड्यासारखा कोमट.

पेटीत काचेचे सोळा डोळे होते.
एकेक माझ्या डोळ्याशी लावत त्या पुटपुटल्या: चौदा.
त्या रात्री मला झोप नाही.
चौदा नंबरचा डोळा पेटीत उघडाच असेल ना?

पुढच्या मार्चात ट्रक आले.
त्याबद्दल मी फारसं बोलत नाही.
ओम्स्कच्या पलीकडे मी वाढलो,
किती, ते कुणी मोजलं नाही.
मोजून मिळायचा तो पाव.

इकडे बाई दर ऑक्टोबरला बेटावर जायच्या,
नावं पुकारायच्या. मुलं फरशीकडे बघायची.
वरून विचारणा झाली:
ही तेवीस कार्डं अजून का ठेवलीत?
बाईंनी लिहून कळवलं: मोजमाप अपुरं आहे.
खाली सही, तारीख.

सत्तावन्न साली मी त्यांच्या दारात,
हातात टोपी, ओठांवर मिसरूड.
कुठं होतास, असं त्यांनी विचारलं नाही.
चिमटा काढला, काखेत धरला.
मला हसू फुटलं. केवढा घोडा झालो होतो मी!
मग हसू आवरेना,
मग ते हसू नव्हतं.
चिमट्याला ऊब येईपर्यंत
बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या.

त्यांच्या जाडजूड ग्रंथातले नकाशे,
पश्चिमेकडची डोकी, पूर्वेकडची डोकी,
आता कुणी मानत नाही.
त्रीनू म्हणते, सगळं मोडीत निघालं.
निघालं असेल.
मापात पाप म्हणतात, आणि असल्याच चिमट्यांनी
त्या काळात दुसरीकडे काय काय केलं
ते बाईंना ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही.
त्यांच्या स्वतःच्या प्रतीत
सीमारेषा पेन्सिलीनं गिरगटून खोडल्यात.
दोन ठिकाणी कागद फाटलाय.

आणि हे माझं कार्ड.
उंची: एकशे एकतीस.
पुढे आठ वर्षांचे आठ रकाने, रिकामे,
पण एकावरही काट नाही.
मग एकशे अडुसष्ट, निळ्या शाईत, जरा हललेलं.

पाठोपाठ सहाशे बारा, आदू.
एकशे अठ्ठावीस.
त्यानंतर कोरं, कडेपर्यंत.

त्रीनू विचारते, हे स्कॅन करायचं?
यात तर काहीच नाही.

कर, म्हटलं.
दोन्ही बाजूंनी कर.