दार आपटण्याची सोय नाही

कासा ग्रांडेच्या अलीकडे, हायवेला लागून
बत्तीस ट्रेलर उन्हात ओळीनं उभे.
गॅरिकच्या हातात टेप, माझ्या हातात वही,
टेस, ऑरिन आणि विन
तिघांत मिळून एक सोड्याचा ग्लास.

पहिला छत्तीस फुटी. आत शेकोटी.
अ‍ॅरिझोनात, जुलैत,
बटण दाबलं की काचेमागं खोट्या ज्वाळा.
विकणारा म्हणाला, "मॅडम, अगदी घरासारखं."
घर तर आम्ही गेल्याच महिन्यात विकलं होतं.

दुसऱ्याचं वजन ट्रकच्या आवाक्याबाहेर.
"ओढेल की, हळूहळू ओढेल," गॅरिक म्हणाला.
तेरा वर्षं झाली लग्नाला,
'हळूहळू ओढेल'चा अर्थ मला कळतो:
घाट चढताना तो दात-ओठ खाणार
आणि मी खिडकीबाहेर निवडुंग मोजणार.

तिसऱ्यात सिंकखालचं दार उघडून
मी डोकं आत घातलं.
पडदे नवे होते, वास जुना.
उंबऱ्याशी टाच दाबून पाहिली,
तर जमीन दुधात बुडवलेल्या पावासारखी.
विकणारा आकाशाकडे बघू लागला.
आकाशात काहीच नव्हतं.

मग लाँड्रीतल्या फळ्यावर एक चिठ्ठी,
पेन्सिलीनं लिहिलेली. खाली नाव: लोर्ना क्विझनबेरी.

चोवीस फुटी. चौदा वर्षांचा.
तिनं कौतुक केलंच नाही.
"इथं गारा लागल्या, ठिगळ मीच लावलं.
सांडपाण्याची टाकी तीन दिवसांत भरते,
केस धुतलेत तर दोन.
टेबल मोडलं की पलंग होतो,
पण मग रात्री गृहपाठ विसरा.
आणि बूट झटकून घाला."

आम्ही पाचही जण आडवे झालो, आपापल्या जागी,
दुकानात गादी बघताना झोपतात तसे,
कोणीच न बोलता.
गॅरिकचे पाय भिंतीला टेकले.
वरच्या बाकावरून टेसचा श्वास ऐकू येत होता.
घरी तिची खोली जिन्याच्या टोकाला होती,
तिचा श्वास मी कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता.

ऑरिन उठून बसला.
"मी चिडलो तर कुठं जायचं?"
(ऑरिन चिडतो. आठवड्यातून तीनदा तरी.)
लोर्नानं दाराबाहेर बोट केलं:
"बाहेर. बाहेर पुष्कळ आहे."

आमच्या खोलीचं दार घडीचं, पंख्यासारखं मिटणारं.
"आपटून बघ," ती मला म्हणाली.
मी सगळा जोर लावला.
ते सरकत गेलं, आणि शेवटी
कुणी घसा साफ करावा तेवढाच आवाज.
"नऊ वर्षं," लोर्ना म्हणाली,
"मी आणि बर्टनं दार आपटलं नाही.
माणसं चांगली होतो असं नाही.
सोयच नव्हती."

अंधारात विननं निळी टॉर्च पायरीखाली धरली.
विंचू. हिरवट चमकणारा.
म्हणजे विंचवाची आई,
पाठीवर पिल्लांची दाटी, तांदळाच्या कण्यांएवढी.
"आई, सगळे मावतात?"
गॅरिकनं बूट उचलला.
लोर्नानं झाडू आणला,
सुपलीत घेतलं सगळं बिऱ्हाड
आणि कुंपणापलीकडं नेऊन ठेवलं.

किंमत ठरवताना गॅरिक घासाघीस विसरला.
वहीतल्या एकोणीस प्रश्नांपैकी
अकरा मी विचारलेच नाहीत.
बॅटरी किती टिकते, अजून माहीत नाही.

सकाळी हूक खट्कन बसला,
साखळ्या लावल्या, दिवे तपासले,
डावा लागेना, मग लागला.
निघताना आरशात पाहिलं:
तिच्या अंगणात एक लांबट चौकोन उरला होता,
बाकी मातीपेक्षा फिकट.
हातात झाडू घेऊन लोर्ना घराकडं वळली,
त्याच्या कडेकडेनं.
आतून गेली नाही.