हातचा एक

याला डिस्कव्हरी म्हणतात, पण शोधायचं काही नसतं.
सापडलेलं मोजायचं, पानांवर नंबर टाकायचे
आणि समोरच्या वकिलाच्या हवाली करायचं.
सोळा वर्षं मी हेच करते, डलूथमध्ये,
सरकारी वकिलांच्या तिसऱ्या मजल्यावर,
एका रेडिएटरशेजारी, जो ऑक्टोबरात खोकायला लागतो
आणि मे उजाडल्याशिवाय बरा होत नाही.

मिनेसोटा राज्य विरुद्ध डेल बोल्यू.
घरफोडी, पहिल्या दर्जाची. मारहाण, दुसऱ्या.
चारशे अकरा पानं, नऊ व्हिडिओ,
मदतीसाठी केलेला एक फोन, तीन मिनिटं सात सेकंद,
ज्यात एक बाई बहुतेक वेळ नुसता श्वास घेते.

आधी काळं करायचं.
फोन नंबर, जन्मतारखा, बाईचा नवा पत्ता.
पत्ता मी दोनदा तपासते.
एकदा काळ्या पट्टीखालची अक्षरं तशीच राहिली होती,
कुणीतरी ती उचलून दुसरीकडे चिकटवली
आणि एका कुटुंबाला रातोरात घर सोडावं लागलं.
मला कुणी काही बोललं नाही.
तेच जास्त लागलं.

मग व्हिडिओ. शिपाई रिने याच्या छातीवरचा कॅमेरा.
पहिली अकरा मिनिटं सगळ्यांनी पाहिलेली असतात.
शेवट कुणी पाहत नाही, तिथे नुसता बर्फ असतो
आणि गाडीच्या हीटरची घरघर.
मी पाहते. पगार त्याचाच.

अडतिसाव्या मिनिटाला शेजारचा म्हातारा
सपाता घालून बर्फात आला.
म्हणाला, पळाला तो उंच होता हो.
डेल नव्हे. डेलला मी ओळखतो,
त्याच्या बापानं माझी बोट रंगवली होती.
रिने म्हणाला, घरात जा, मिस्टर कोस्की, गारठाल.
आणि ते गेले.

चारशे अकरा पानांत हे वाक्य कुठेच नाही.

सॉलबर्गबाईंच्या खोलीत गेले तेव्हा त्या सूप पीत होत्या.
दोनदा पाहिलं त्यांनी. सूपवर साय धरली.
खाली बंदरात पूल उचलला जात होता,
लोखंडाचं जहाज भोंगा देत होतं, लांब, मग आखूड.
“ऐंशीचा माणूस. अंधार. चष्मा तरी होता का?”
“होता. अडतीस बावन्नला तो पुसतात.”

झाकली मूठ सव्वा लाखाची, पण ही मूठ आमची नव्हे.
हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही,
तरी दोघी क्षणभर तिच्याकडे बघत बसलो.
मग त्या म्हणाल्या, “वेगळं पत्र कर.
नऊ व्हिडिओंच्या ढिगात पुरून नको पाठवूस.
मिनिट लिही. सेकंद लिही. रिनेला वर बोलव.”

लहानपणी बेरजेत माझा हातचा नेहमी राहून जायचा.
उत्तर नीटनेटकं दिसायचं, रेघ मारलेली असायची,
फक्त चुकलेलं असायचं.
पान चारशे बारा.
पेल्की वकिलांच्या नावे, सप्रेम नव्हे, सादर.

एक सांगते, कुठे लिहू नका.
मला वाटत होतं, त्यानंच केलंय.
अजूनही सकाळी वाटतं, दुपारी वाटत नाही.
त्या बाईचा श्वास माझ्या कानात आहे,
हेडफोन काढले तरी.
तिला उद्या कुणीतरी फोन करून हे सांगेल.
ते माझं काम नाही, आणि याचं मला बरं वाटलं
हेही खरं.

घरी जाताना कोस्कींच्या गल्लीत गाडी घातली नाही.
आम्ही घालायची नसते.
पण रात्री साडेअकराला मी माझ्याच दारातला दिवा मालवला
आणि सपाता घालून बर्फात उभी राहिले.
समोरच्या फुटपाथवरून कुणीतरी कुत्रं नेत होतं.
उंच होता का?
मी चष्मा पुसला.
तोवर तो वळणावर गेला होता.