सात टाचण्या

फाटकाशी लिंबू होतं. हळद, काळा दोरा, सात टाचण्या.
वहिनी म्हणाली, भावजी, ओलांडू नका.
शेवंताबाईनं ते चपलेनं नालीत ढकललं
आणि भांड्यांना बसली.

कुणी ठेवलं, हे मला नको होतं.
शेवटची टाचणी खुपसताना
त्या हाताला काय वाटलं, ते हवं होतं.

म्हणून खजुरी बाजार. गाइडांच्या ढिगाऱ्यामागून
नेमीचंदजी म्हणाले, "तंत्र-मंत्र? ये लो भिया, येई चलता है."
वशीकरण, एकवीस दिवसांत. कव्हरावर कवटी.
एक अक्षर चुकलं तर साधक वेडा होईल
असं ज्या पानावर छापलेलं,
त्याच पानावर छपाईच्या तीन चुका.

दुसरं पुस्तक एका शहाण्याचं.
त्याला सगळं आधीच माहीत होतं;
पहिल्या ओळीपासून तो हसत होता,
बहुधा शेवंताबाईला.
पण घाबरलो होतो मी.

तिसऱ्या रविवारी एक चोपडी सापडली. झेरॉक्स,
सुतळीनं शिवलेली, साल मागचंच.
अच्युत खंडकर, वीज मंडळ, मीटर विभाग (निवृत्त), रामबाग.
उभ्यानंच वाचत गेलो:

"चाळीस रात्री जप केला. एकतीस रात्री काही नाही.
बत्तिसाव्या रात्री मोरीतला नळ गळताना ऐकू आला.
तो अकरा वर्षं गळत होता.
याला सिद्धी म्हणू नये.
पण वायसर बदलायला उठलो नाही,
ऐकत बसलो, एवढं नोंदवतो."

आणि पुढे, पान सदतीस:
"एकदा मीही लिंबू ठेवलं. साहेबांच्या दारात, बढतीवरून.
टाचण्या ऑफिसातल्याच.
राग पाचवीपर्यंत पुरला.
सहावी आणि सातवी
केवळ आकडा भरावा म्हणून."

मागून कुणीतरी सातवीचं गणित मागत होतं.
मी बाजूला सरलो.

किंमत तीस. पन्नासची नोट दिली.
छुट्टे नव्हते, म्हणून नेमीचंदजींनी
वीस रुपयांचं वशीकरण वर टाकलं.
नको म्हणायला जीभ उचलली नाही.

घरी आलो तेव्हा दिवे लागले होते.
नालीच्या जाळीला ते अजून अडकलेलं,
सुकून सुपारीएवढं.
वाकून मोजल्या.
पाच दिसल्या.
दोन खालच्या अंगाला असतील.