सावद्याच्या सर्व्हरवरची टेकडी

वजनकाट्यामागच्या खोलीत तो सर्व्हर.
काम एकच: अकरा चेंबरांचं तापमान
दर मिनिटाला लिहायचं,
केळं पिकावं पण काळं पडू नये
इतपत थंडी राखायची.

शेठ म्हणाले, काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं?
हे काय आकडा लावायचं यंत्र आहे?
चित्रं पाहिजेत.
मग मी बसवून दिला अख्खा डेस्कटॉप:
खिडक्या, कचऱ्याची टोपली,
आणि मागे एक हिरवी टेकडी.

शेठ त्या खोलीत पुन्हा आले नाहीत.
कुलपाआड टेकडी रात्रंदिवस हिरवी राहिली,
मेमरी खात,
चार दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याने
रेशनकार्डात नाव घालून घ्यावं तशी.

मे महिना, पारा सेहेचाळीस.
मी जळगावात गच्चीवर; फोनवर सुपडू नेहेते,
काट्यावरचा रातपाळीवाला.
सर्व्हरचा पंखा अडकलेला,
माऊस आत्ता हलवला तर बाण मिनिटाने हलतोय.
“मॅडम, कुठी दाबू?”
खाली डावीकडे, ते गोल.
“गोल तं दोन हायेत.”

चित्र फोनवरून सांगता येत नाही.
तीन बटणं एकदम दाबायला लावली,
काळी पाटी आली.
पासवर्ड सांगितला (सकाळी बदलला),
मग एकेक अक्षर:
एस सावद्याचा, वाय यावलचा, पुन्हा सावदा,
टी तापीचा, ई एरंडोलचा, एम मुक्ताईनगरचा,
सी चोपड्याचा, परत तापी, एल लासूरचा.
आता मोकळी जागा सोड.
“किती?”
एका केळाइतकी.
ट्रकचं वजन पुकारतो त्या आवाजात
तो प्रत्येक अक्षर परत म्हणून दाखवत होता.
एकही चुकला नाही.

टेकडी बंद. सर्व्हरने श्वास घेतला.
सात नंबर एकोणिसावर गेलेला,
पहाटेपर्यंत सतरावर आला.

दुसऱ्या दिवशी डेस्कटॉप मी मुळासकट काढला.
सर्व्हरला तोंड कशाला लागतं,
हे मी आजही कुणालाही पटवून देईन.

आठवड्याने सुपडूचा फोन.
“मॅडम, ती टेकडी कुठी गेली?”
किल्ली त्याच्याकडेच असायची.
रात्री तीनला, ट्रक नसले की
तो आत जाऊन मॉनिटर लावायचा,
कळण्याची भाकरी तिच्यासमोर खायचा.
हे मला कुठल्याच लॉगमध्ये दिसलं नव्हतं.

म्हटलं, मोठी रंगीत छापून आणते,
भिंतीला लावू.
“कागदाले उजेड नसतो ना, मॅडम,”
तो म्हणाला,
आणि मागे हॉर्न वाजला म्हणून
फोन तसाच ठेवून काट्याकडे गेला.