ब्रॅन्सॉपचा मतदारसंघ

लॉर्डसाहेब गेले मंगळवारी.
काल त्यांचा पलंग लिलावात काढला, आज घोडे,
आणि लंडनहून आलेला कारकून विचारतो,
सायलस, ही होडी किती जुनी?

तळ्याएवढी, म्हणालो.

त्याआधी इथे ब्रॅन्सॉप होतं.
अठरा घरं, एक भट्टी, चर्चमागं बदकांचं डबकं.
एकविसाव्या वर्षी साहेबांना बापाकडून मिळालं ते सगळं,
शिकारी कुत्री मिळाली,
आणि पार्लमेंटातलं एक बाक, बसून गुळगुळीत झालेलं.
इटलीहून ते नाक तुटलेले संगमरवरी देव घेऊन आले,
दिवाणखान्याच्या खिडकीत उभे राहिले,
म्हणाले, इथून धूर दिसतो.
पाणी दिसायला हवं.

मग ओढा अडवला.
आईनं घरावर पाणी सोडलं.
बोलायची रीत म्हणून नाही सांगत, मी तिथं होतो.
तिनं चूल झाडली, राख बादलीत भरून घेतली
आणि उंबऱ्यावर बसून राहिली, मोजे भिजेपर्यंत.

गाव बुडालं. मतदारसंघ नाही बुडाला.
कायद्याच्या कागदाला ओल लागत नाही.
दर निवडणुकीला सात मतदार होडीत घालून
मी मधोमध न्यायचो, खाली जिथं बाजाराचा खांब आहे,
आणि जोनस थ्रेल, थंडीनं दात वाजवत,
साहेबांचं नाव ओरडायचा.
विरोधात कोणी नसायचं.
एकदा एक बदक ओरडलं, ते नोंदवलं गेलं नाही.
परतल्यावर माणशी एक गिनी, वल्हेकऱ्याला अर्धी.
मी घेतली. खोटं कशाला बोलू?

लंडनात त्यांचं काय चाललंय ते आम्हाला बग्गीवरून कळे.
दोन घोडे म्हणजे विरोधी बाकं,
सहा म्हणजे मंत्रिपद.
सहा घोडे अकरा आठवडे टिकले.

पुढे संधिवात. पायाला पट्ट्या, हातात लिंबाचं सरबत.
ज्या वर्षी पाऊस पडलाच नाही,
त्या सप्टेंबरात तळ्यातून धुराडी वर आली, एकेक,
उशिरा आलेल्या पाहुण्यांसारखी.
साहेबांनी खुर्ची काठावर आणवली.
ते कोणाचं?

माझ्या आईचं. तुम्ही दोन वर्षं तिथंच होतात.
आईसाहेबांना दूध नव्हतं की सवड, मला माहीत नाही.
डावीकडे तुम्ही, उजवीकडे मी.

बराच वेळ काही बोलले नाहीत.
पट्ट्यांचा पाय खुर्चीवरून उतरवून
चिखलात ठेवला. वाटलं, आता चालत जातील.
गार आहे, म्हणाले. बरं वाटतंय.
मग म्हणाले, तुझं मत मलाच असतं ना, सायलस?
मला मत नाही, साहेब. मी होडी चालवतो.

उभा जन्म मी त्या माणसाला पाण्यात पाहिलं,
आणि मंगळवारी, घंटा वाजली तेव्हा,
छातीत कुठंतरी उजवीकडची जागा रिकामी झाली.
दूधभाऊ कुठल्या रकान्यात लिहितात, कारकुना?

राहू दे. होडी खोडून टाक यादीतून.
पुतण्यासाहेबांचं पत्र आलंय:
विकू नये. मार्चमध्ये निवडणूक आहे.
मतदार पाचच उरलेत.
वल्ही हलकी जातील.